सातवा रकाना

बुधवार, दिनांक ६ मार्च २०२४. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि ओसरीवरच्या टेबलावर नऊ पाने होती. मोझेस चक्रनारायण यांनी ती दोनदा मोजली. दिल्लीला जाणाऱ्या कागदांत एक पान जरी कमी पडले तरी सगळा अर्ज परत येतो, हे त्यांच्याइतके श्रीरामपूरजवळच्या त्या बेलापुरात कुणाला ठाऊक असणार? परराष्ट्र मंत्रालयाच्या नेमणूक शाखेत त्यांनी नोकरीची शेवटची अकरा वर्षे काढली होती, आणि हा नऊ पानी अर्ज त्यांच्याच हातचा होता.

आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी मेरीबाई पडून होत्या. हृदयाचे पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आले आहे, असे नगरच्या डॉक्टरांनी जानेवारीत सांगितले होते. वर्ष निघेल का, असे विचारल्यावर त्यांनी चष्म्याची काच पुसली होती. दोघांची एकुलती एक मुलगी प्रार्थना सहारा वाळवंटाच्या काठावरच्या एका राजधानीत, भारताच्या दूतावासात अधिकारी होती. तिने पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयातली जागा मागितली होती. तिथून बेलापूर साडेचार तासांवर. दर शनिवारी येऊन आईपाशी दोन दिवस राहता आले असते. मेरीबाईंची एवढीच मागणी होती, आणि ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती.

पुण्याची जागा एकच होती. ती कुणाला मिळायची हे आता कुणा साहेबाच्या मर्जीवर नव्हते, गुणांवर होते. गुणांची ही पद्धत बसवली तीही मोझेस यांनीच.

ती बसवण्यामागे एक माणूस होता. जामखेडचा छगन मोरे नावाचा कारकून. जिथे हवा वाईट, दवाखाना नाही, घरचे माणूस नेता येत नाही, अशा ठिकाणांना मंत्रालयात ‘कठीण ठाणे’ म्हणत. छगनला लागोपाठ तीन कठीण ठाणी मिळाली, कारण त्याच्यासाठी शब्द टाकणारे दिल्लीत कुणी नव्हते. तिसऱ्या ठिकाणी असताना त्याची आई मुक्ताबाई गेली. तार त्याला नवव्या दिवशी मिळाली. तो परत आला तो थेट मोझेस यांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. भांडला नाही, काही मागितले नाही. एवढेच म्हणाला, “साहेब, माझा नंबर कोन लावतो, तेवढं दाखवा.”

मोझेस यांना दाखवता आले नव्हते. नंबर असा काही नव्हताच.

पुढे सुधारणा समिती नेमली गेली आणि मोझेस तिचे सचिव झाले. नगरच्या तंत्रनिकेतनातून त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली होती. तरुणपणी दोन वर्षे लेथही चालवला होता. माप घेतल्याशिवाय धातूला हात लावायचा नाही, ही तिथली शिस्त त्यांनी फायलींना लावली. त्या वर्षीचे दोनशे चौदा अर्ज त्यांनी काढून वाचले. एकशे एकतीस अर्जांत आईचा आजार हे कारण होते. चौकशी केली, तेव्हा चार आया कधीच्याच देवाघरी गेलेल्या निघाल्या आणि एका अधिकाऱ्याच्या मातोश्री त्याच महिन्यात काश्मीरची सहल करून आल्या होत्या.

तेव्हा त्यांनी कठीण ठाण्यातल्या दर महिन्याला एक गुण ठेवला, सेवेच्या वर्षांचे वेगळे गुण ठेवले, आणि आईवडिलांच्या आजारासाठी सातवा रकाना घातला: ‘रुग्णाची देखभाल करू शकेल अशी दुसरी समर्थ व्यक्ती घरात आहे काय?’ उत्तर ‘नाही’ असेल तर वीस गुण, ‘होय’ असेल तर आठ. उत्तर अधिकाऱ्याने द्यायचे नाही, घरातल्या त्याच व्यक्तीने द्यायचे; बंद पाकिटातून थेट दिल्लीला पाठवायचे, अधिकाऱ्याला दाखवायचेसुद्धा नाही. समर्थ कुणाला म्हणावे, हेही खाली टिपेत बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘जी सज्ञान व्यक्ती मदतीवाचून चालते, पाहते आणि सही करते.’ ही टीप लिहिताना मोझेस एकोणसाठ वर्षांचे होते आणि रोज सकाळी सहा किलोमीटर चालत होते.

आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. चालत होते, चष्म्याने पाहत होते, आणि सही तर मोत्यासारखी करत होते.

डॉक्टरांनी आपली सहा पाने भरून दिली होती. उरलेल्या पानांवर मोझेस यांनी नाव, पत्ता, नाते लिहिले आणि सातव्या रकान्यापाशी पेन थांबले. आतून मेरीबाईंनी हाक मारली, म्हणून ते उठून गेले.

मेरीबाईंना उशीला टेकून बसायचे होते. ते एकट्याचे काम नव्हते. मागच्या पंधरवड्यात त्यांना न्हाणीघरातून आणताना मोझेस यांचा तोल गेला होता आणि दोघेही उंबऱ्यावर बसले होते, पडले म्हणण्याइतपत नव्हे, पण उठताही येईना. तेव्हापासून शेजारचा मच्छिंद्र सकाळ-संध्याकाळ येई. तो टेम्पो चालवायचा. चौथीपर्यंत मेरीबाईंच्या हाताखाली शिकला होता, त्यामुळे पन्नाशीला आला तरी त्यांना बाई म्हणायचा. “सरका काका,” म्हणत तो त्यांना अलगद उचलायचा आणि वर म्हणायचा, “बाईंनी माझा कान उपटून पाढे शिकिवले. आता कुठं माझा नंबर आलाय.” मेरीबाई हसत, मग दमत.

त्या सकाळी मच्छिंद्र कोपरगावला भाडे घेऊन गेला होता. मोझेस यांनी काखेत हात घालून मेरीबाईंना वर घ्यायचा प्रयत्न केला. त्या चार बोटे सरकल्या, तेवढ्यावर भागवले. श्वास जागेवर आल्यावर मेरीबाईंनी विचारले, फॉर्म झाला का. मोझेस म्हणाले, सातवा रकाना राहिला आहे. त्यात काय आहे ते मेरीबाईंना माहीत होते. दिल्लीच्या घरात जेवणाच्या टेबलावर तो लिहिला गेला, तेव्हा त्या समोर भाजी निवडत होत्या.

छताच्या पंख्याकडे पाहत त्या हळू म्हणाल्या, “अहो, मी शाळेतली नोकरी सोडून तुमच्याबरोबर आले. पंचवीस वर्षं तुमच्या प्रत्येक फॉर्मात माझ्या नावापुढं ‘अवलंबित’ लिहीत आलात. एकदा तुम्ही व्हा की.”

मोझेस यांनी पांघरूण सारखे केले आणि ओसरीवर आले.

त्यांना हे कळत नव्हते असे नाही. पण टीप त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि तिच्यातल्या तिन्ही अटी ते पुऱ्या करत होते. ‘नाही’ लिहून खाली स्वच्छ सही करायची, म्हणजे ती सहीच खोटी साक्ष देणार. ज्या चार जणांच्या मेलेल्या आया त्यांनी फायलीतून बाहेर काढल्या होत्या, त्यांच्या ओळीत आपण उभे राहायचे? आणि छगनसारखा एखादा आजही कुठल्यातरी ठाण्यात आपला नंबर लागायची वाट पाहत असेल, त्याचे काय? शिवाय त्यांनी हिशेबही केला. ‘होय’ लिहूनही प्रार्थनाचे एकसष्ट गुण होत होते. गेल्या वर्षी पुण्याची जागा अठ्ठावन्न गुणांवर गेली होती. खरे लिहूनही लेक येत असेल, तर खोटे लिहायचे कशाला?

त्यांनी रकान्यात ‘होय’ लिहिले. दुपारी श्रीरामपूरला जाऊन पाकीट स्पीड पोस्टने रवाना केले. मेरीबाईंनी विचारले, पाठवलंत? ते हो म्हणाले. काय लिहिले, हे त्यांनी विचारले नाही.

मे महिन्याच्या चोवीस तारखेला, शुक्रवारी, यादी लागली. दुपारी प्रार्थनाचा फोन आला. पुण्याची जागा चौसष्ट गुणांवर गेली होती. लखनौच्या कुणा बाईंना मिळाली, त्यांचे वडील अंथरुणाला खिळले होते आणि घरात दुसरे कुणी नव्हते. प्रार्थनाने हे सगळे शांतपणे सांगितले. तिला तीन गुण कमी पडले होते. मग तिने विचारले, “पप्पा, सातव्या रकान्यात तुम्ही काय लिहिलं?”

“होय.”

पलीकडे कुठल्याशा यंत्राची घरघर ऐकू येत होती. तिच्या दूतावासात दुपारी वीज जायची आणि जनरेटर लावावा लागायचा.

“नियमाप्रमाणे बरोबर आहे,” ती म्हणाली. आवाज अधिकाऱ्याचा होता. “मम्मीला द्या फोन.”

आईशी ती जनरेटरबद्दल बोलली, तिथल्या आंब्यांना कशी चव नसते त्याबद्दल बोलली. फोन ठेवल्यावर मेरीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले.

“होय लिहिलंत ना?”

“हो.”

त्यांनी पाणी मागितले. दोन घोट घेतले आणि भिंतीकडे तोंड केले.

संध्याकाळी मच्छिंद्र आला, तेव्हा पुण्याचे काय झाले हे त्याने विचारलेच. मोझेस लपवाछपवी करणारे नव्हते. त्यांनी रकाना, टीप, गुण, सगळे क्रमाने समजावून सांगितले. मच्छिंद्रने मेरीबाईंना उचलून खुर्चीत बसवले, चादर झटकली, पुन्हा अंथरली, आणि मग दारात चपला घालता घालता म्हणाला, “काका, घरात समर्थ मानूस हाय म्हन्ता, मग मी रोज कशाला येतो वो?”

त्याचा सूर टोचणारा नव्हता. त्याला खरेच समजले नव्हते.

जूनमध्ये प्रार्थना बारा दिवसांच्या रजेवर आली. तिच्या दूतावासात अधिकारी तीनच, त्यातले एक आजारी. अधिक रजा मिळण्यासारखी नव्हती. ते बारा दिवस मेरीबाई बऱ्याच बोलल्या. प्रार्थनाने आईचे केस धुतले, नखे काढली, तिच्या जुन्या साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. वडिलांशी ती नीट वागली. मीठ द्या, औषधाची वेळ झाली, एवढे बोलणे होई. जाताना आईच्या कपाळावर ओठ टेकून ती म्हणाली की डिसेंबरात नाताळाला येते. मेरीबाई म्हणाल्या, ये. टेम्पोतून तिला श्रीरामपूरच्या स्टेशनावर सोडायला मच्छिंद्र गेला.

गुरुवार, २९ ऑगस्टला सकाळी सात वाजण्याच्या सुमारास मेरीबाईंना धाप लागली. मोझेस यांनी त्यांना उठवून बसवायचा प्रयत्न केला; बसवले असते तर श्वास थोडा मोकळा झाला असता. त्यांनी दोनदा जोर लावला. मग ते मच्छिंद्रला बोलवायला फाटकापर्यंत गेले, आणि दोघे परत आले तेव्हा धाप थांबली होती.

प्रार्थना होती त्या शहरातून आठवड्याला दोनच विमाने सुटत, रविवारी आणि गुरुवारी. गुरुवारचे तिला गाठता आले नाही. मला बर्फात ठेवू नका, असे मेरीबाईंनी बजावून ठेवले होते, त्यामुळे शुक्रवारी दुपारी चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी त्यांना मातीत ठेवले. पाळकांनी थोडक्यात उपासना घेतली. मेरीबाईंच्या हाताखालून गेलेली तीसेक माणसे आली होती, बरीचशी पांढऱ्या केसांची.

प्रार्थना मंगळवारी पहाटे पोहोचली. सकाळी मोझेस तिला कबरस्तानात घेऊन गेले. माती अजून खचायची होती. ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली, एका हाताने ढेकळे फोडत. परत येताना ती म्हणाली, “पप्पा, मी तुमच्यावर रागावलेय, पण तुम्ही चुकलात असं मला म्हणता येत नाही. तेच अवघड जातंय.”

मोझेस यांनी मान हलवली. त्यांनाही तेच अवघड जात होते.

टेबलावरचे टपाल लावताना तिला मंत्रालयाचे एक न फोडलेले पाकीट सापडले. नेमणुकीच्या नियमांना पंधरा वर्षे होत आली होती आणि फेरविचारासाठी जुन्या समितीच्या सदस्यांकडून सूचना मागवल्या होत्या. मुदत ३० सप्टेंबर. तिने ते फोडून वाचले, वडिलांपुढे ठेवले आणि ती आत गेली. आठवडाभराने ती परत गेली, तेव्हाही पत्र तिथेच होते.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मोझेस यांनी मच्छिंद्रला बोलावले आणि बाजरीचे पोते आणायला सांगितले. वजनकाट्यावर मोजून एक्केचाळीस किलो, कमी नको आणि जास्त नको. मेरीबाईंचे शेवटचे वजन तेवढे होते. मच्छिंद्रने कारण विचारले नाही. पोते त्याने मेरीबाईंच्या पलंगावर आडवे ठेवले.

मोझेस यांनी मनगटावरचे घड्याळ काढून खिडकीत ठेवले. बाह्या सारल्या. पोत्याखाली हात घातले आणि त्याला उशीला टेकवून उभे करायचा प्रयत्न केला. पोते वीतभर उचलले आणि सुटले. त्यांनी पाच मिनिटे विश्रांती घेतली, पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्यांचे गुडघे पलंगाच्या फळीला लागले आणि ते पोत्यावरच ओणवे झाले, तोंड बाजरीच्या गोणपाटात गेले. मच्छिंद्र धावला.

“ऱ्हाऊ द्या काका,” तो म्हणाला. “आता काय उपेग?”

मोझेस तसेच राहिले. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, खांदे हलत होते. मच्छिंद्र पायरीवर जाऊन बसला आणि त्यांनी हाक मारेपर्यंत आत आला नाही.

तंत्रनिकेतनातले त्यांचे कार्यशाळेचे शिक्षक आरेखनात नुसते माप लिहिलेले चालवून घेत नसत. किती कमी आणि किती जास्त चालेल, ते मापाशेजारी लिहायचे. नाहीतर कागद फाडून हातात देत. मोझेस यांनी समर्थ माणसाचे माप लिहिले होते, त्याच्याशेजारी काहीच लिहिले नव्हते. माणूस म्हातारा होतो, आणि म्हातारा झाला तरी सही करतो, हे त्या टिपेत कुठे नव्हते. हा प्रयोग मार्चमध्येच करायला हवा होता. पोते तेव्हाही मिळाले असते.

पत्राचे उत्तर लिहायला त्यांना अकरा दिवस लागले. समर्थ म्हणजे जी व्यक्ती रुग्णाला एकट्याने उठवून बसवू शकते, असे त्यांनी सुचवले. सत्तरीवरच्या माणसाला त्या गणतीत धरू नये आणि एकटा उरलेला वृद्ध पालक आजारी नसला तरी अवलंबित समजावा, असेही सुचवले. पुष्ट्यर्थ प्रयोगाचा तपशील जोडला: व्यक्तीचे वय चौऱ्याहत्तर, भार एक्केचाळीस किलो, प्रयत्न तीन, यशस्वी शून्य. शेवटी एक परिच्छेद घातला की या सूचनेचा लाभ माझ्या कन्येला होण्याचा संभव आहे, हे समितीने लक्षात घेऊन माझ्या मताचे वजन ठरवावे.

फेब्रुवारीत कळले की सूचना मान्य झाली. १ एप्रिल २०२५ पासूनच्या अर्जांना लागू, मागील अर्जांना नाही. मोझेस यांना ते बरोबर वाटले. त्यांनीही तसेच लिहिले असते.

मार्च संपता संपता प्रार्थनाचा फोन आला. पुण्यात पुन्हा एक जागा निघाली होती. पण ती मागायला तिला वडिलांच्या नावाने अर्ज भरावा लागणार होता आणि त्यांनी तो सही करून पाठवावा लागणार होता. “तुम्हाला नको असेल तर मी रांगेने जाईन,” ती म्हणाली. “युरोपात कुठंतरी मिळेल. चांगलं ठाणं असेल.” तिने आग्रह केला नाही. आईसारखीच होती.

मोझेस म्हणाले, पाठव.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज आला; या खेपेलाही पाने नऊच होती. त्यांनी ती ओसरीवर बसून दोनदा मोजली. मच्छिंद्र पायरीवर बसून बिडी वळत होता. त्याने विचारले, यंदा तरी फारमात माझं नाव घालनार का. मोझेस म्हणाले, त्यासाठी रकाना नाही. “तर मग करा एक,” मच्छिंद्र म्हणाला, आणि मोझेस यांनी ते खरेच बाजूच्या वहीत टिपून ठेवले.

तिसऱ्या रकान्यात अवलंबित व्यक्तीचे नाव लिहायचे होते. पंचवीस वर्षे त्या जागी त्यांनी न थांबता मेरी मोझेस चक्रनारायण असे लिहिले होते, आणि हात सवयीने ‘मे’पर्यंत गेला. त्यांनी ते अक्षर एका सरळ रेघेने खोडले, शेजारी नियमाप्रमाणे लहान सही केली, आणि स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. सातव्या रकान्यात ‘नाही’ लिहिले.

प्रार्थना पुण्याच्या कार्यालयात सोमवारी, ७ जुलै २०२५ रोजी रुजू झाली. मेरीबाईंना जाऊन त्या दिवशी तीनशे बारा दिवस झाले होते.